फिल्मवरून डिजिटलवर : नुसती बॉडी बदलून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिल्म कॅमेरा सोडून डिजिटल एसएलआरकडे (म्हणजे डीएसएलआर, लेन्समधले दृश्य आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा) वळणाऱ्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. व्यावसायिक मंडळी मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) गेल्यामुळे चांगल्या डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) वापरलेल्या स्थितीत सहज मिळू लागल्या आहेत आणि ज्यांच्या कपाटात जुन्या लेन्स पडून आहेत त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, इथपर्यंत लेखाशी सहमत आहे. पण बॉडी तेवढी बदलायची, लेन्स, फ्लॅश, फिल्टर आणि हाताची सवय तीच चालते, असा जो लेखाचा एकंदर सूर आहे तो वाचकांना गोत्यात आणील. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

सुरुवात तशीच झाली होती, हे खरे. कोडॅकने १९९१ साली विक्रीला आणलेला पहिला डिजिटल एसएलआर म्हणजे निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या पाठीत बसवलेला १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर. चित्रे साठवायला २०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कची वेगळी पेटी खांद्याला अडकवावी लागे. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला (२.७ मेगापिक्सेल), तो मुळातूनच डिजिटल म्हणून घडवलेला होता. जुन्या सामानाशी या नव्या बॉडींचे जुळते कुठे आणि बिनसते कुठे, हे तेव्हापासून माउंटगणिक (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स अडकवायची जागा) आणि मॉडेलगणिक वेगळे आहे.

आधी सवयीचे पाहू, कारण सर्वांत जास्त फोटो तिच्यामुळे वाया जातात. रंगीत निगेटिव्ह फिल्म उजेडाच्या बाबतीत दिलदार असते. दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जादा उजेड पडला तरी निगेटिव्ह नुसती दाट होते आणि प्रिंट काढणारा ते सांभाळून घेतो. उजेड कमी पडला तर मात्र सावल्या राखेसारख्या होतात. त्यामुळे जाणकार लोक ४०० च्या रोलला मीटरवर २०० किंवा ३२० लावत आणि सावलीवर मीटर धरत. हीच सवय डिजिटलवर नेली की ढग, पांढरे कपडे, कपाळावरची चमक सगळे उडते. सेन्सरचा एकेक पिक्सेल भरला की भरला. त्यापुढचा उजेड तो नोंदवत नाही आणि तिथे कोरा पांढरा उरतो. डिजिटलला स्लाइड फिल्मसारखे वागवावे : उजळ भागावर लक्ष ठेवायचे आणि सावल्या नंतर उचलायच्या. रॉ फाइलमधून (सेन्सरने नोंदवलेल्या, प्रक्रिया न केलेल्या माहितीतून) गडद भाग दोन स्टॉप सहज वर येतो, थोडे कण दिसतात इतकेच. उजळ बाजूला फार तर एखादा स्टॉप परत मिळतो, तोही प्रत्येक वेळी मिळेल असे नाही.

यासाठी मागच्या पडद्यावरचे चित्र पाहून ठरवू नये; उन्हात ते अंधारलेले दिसते आणि रात्री फसवे उजळ. हिस्टोग्राम (चित्रात गडद ते उजळ भाग किती हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) पाहावा, तोही लाल, हिरवा आणि निळा असे तीन आलेख दाखवणारा. एकाच पांढऱ्या आलेखात लाल फुलाचा लाल रंग उडालेला लपून जातो आणि फूल नंतर प्लॅस्टिकचे वाटते. उडालेला भाग लुकलुकवून दाखवण्याची सोयही मेनूत असते, ती कायमची चालू ठेवावी. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रॉमध्ये काढत असलात तरी हिस्टोग्राम तयार होतो तो कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगवरून. पिक्चर स्टाइलमध्ये (जेपेगचे रंगरूप ठरवणाऱ्या मेनूत) कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवला असेल, तर रॉमध्ये शिल्लक असलेला तपशीलही उडाला असे तो सांगतो. कॉन्ट्रास्ट किमान पातळीवर ठेवला की त्याचे बोलणे बरेच विश्वासार्ह होते.

रॉ की जेपेग या वादात मी फार शिरणार नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. निगेटिव्हवर काम केलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. सुरुवातीचे सहा महिने दोन्ही एकदम नोंदवावे. कार्डावर जागा जास्त जाईल, पण शिकताना तुलना करता येते.

आता लेन्स. लेखात जुन्या लेन्स बसतात एवढेच म्हटले आहे. बसणे वेगळे आणि चालणे वेगळे, आणि काही ठिकाणी तर बसवणेच धोक्याचे. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून दिसायला तोच आहे. पण १९७७ मध्ये लेन्सवरचे अॅपर्चर (उजेड आत सोडणारे भोक) बॉडीच्या मीटरला आपोआप कळवणारी एआय पद्धत आली, त्याच्या आधीच्या आणि नंतर बदलून न घेतलेल्या लेन्सची अॅपर्चर रिंग डी३००, डी७०० किंवा डी७००० सारख्या बॉडीच्या माउंटभोवतीच्या छोट्या दांड्यावर आदळते आणि तो मोडतो. डी४०, डी३००० आणि डी५००० या मालिकांत तो दांडाच नसल्यामुळे त्यांवर अशा लेन्स बसतात, पण मीटर चालत नाही. एम मोडमध्ये (सगळे हाताने ठरवायच्या) अंदाजाने एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम पाहायचा आणि दुरुस्ती करायची. या लहान बॉडींत फोकसची मोटरही नाही. त्यामुळे फिल्मच्या काळातल्या एएफ आणि एएफ-डी लेन्स त्यांच्यावर हातानेच फोकस कराव्या लागतात. एआय आणि एआय-एस लेन्सचा संग्रह असणाऱ्यांनी डी७०००, डी७१०० किंवा डी७२०० पाहावा. मेनूत लेन्सची फोकल लेंग्थ आणि कमाल अॅपर्चर भरले की मीटर पूर्ववत चालतो आणि मोटरही आहे. डी७५०० नंतरचा असला तरी त्यात हा दांडा नाही. मोठा आकडा पाहून फसू नये.

कॅननवाल्यांची विभागणी सोपी आणि क्रूर आहे. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स कॅननच्या कोणत्याही डीएसएलआरवर चालतात. त्याआधीच्या एफडी लेन्स चालत नाहीत. कारण निव्वळ मोजमापाचे आहे : माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर एफडीत ४२ मिलिमीटर, ईएफमध्ये ४४. लेन्स दोन मिलिमीटर लांब राहते आणि दूरचे काहीच फोकसमध्ये येत नाही. त्यावर काच असलेले अडॅप्टर मिळतात, पण ती काच लेन्सची धार घालवते. मिनोल्टाच्या एमडी लेन्सची गत तीच, तिचे अंतर ४३.५. या दोन घराण्यांतल्या लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी डीएसएलआर घेऊच नये, मिररलेस घ्यावा. तिथे साध्या कड्याने काम भागते. उलट निकॉन एफ (४६.५) आणि पेचाच्या एम४२ (४५.४६) लेन्स बिनकाचेच्या कड्याने कॅननवर छान बसतात. अॅपर्चर मात्र हाताने बंद करून मीटर घ्यावा लागतो, आणि फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडीवर काही लेन्सचा मागे आलेला भाग आरशाला घासतो, म्हणून पहिला फोटो लेन्स जवळच्या फोकसवर ठेवून जपून काढावा आणि मग हळूहळू अनंताकडे (अगदी दूरच्या फोकसकडे) जावे. एम४२ लेन्स निकॉनवर लावण्याच्या भानगडीत पडू नये. अनंत मिळत नाही.

मिनोल्टाच्या १९८५ नंतरच्या ऑटोफोकस लेन्स सोनीच्या ए माउंट बॉडीवर तशाच चालतात. पेंटॅक्सने १९७५ चा के माउंट सोडलेला नाही, त्याबद्दल त्यांचे कौतुक. ‘ए’ खूण नसलेल्या के आणि एम लेन्ससाठी आधी मेनूत अॅपर्चर रिंग वापरण्यास परवानगी द्यावी लागते, नाहीतर शटर दबतच नाही आणि माणूस बॉडी बिघडली समजतो. मग एम मोडमध्ये हिरवे बटण दाबले की लेन्स क्षणभर बंद होऊन शटरचा वेग बसतो. बॉडीत कंपन आवरण्याची सोय असेल तर ती फोकल लेंग्थ विचारते. ५० ची लेन्स असेल तर ५० च सांगायचे, क्रॉपने (लहान सेन्सरमुळे दृश्य आवळण्याच्या पटीने) गुणून ७५ नव्हे.

लेन्स कॅमेऱ्याच्या कंपनीची नसून दुसऱ्या एखाद्या कंपनीची असेल तर घेण्यापूर्वी एक परीक्षा करावी. फिल्मच्या काळातल्या अशा काही ईएफ माउंटच्या लेन्स डिजिटल बॉडीवर पूर्ण उघड्या असताना फोटो देतात आणि अॅपर्चर बंद केले की कॅमेरा एरर दाखवून थांबतो. म्हणून एफ/८ वर फोटो काढून पाहावा, एफ/२.८ वर नव्हे.

क्रॉपचा हिशेब लेखात होता, पण त्याचा परिणाम नव्हता. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मऐवजी साधारण २३.६ बाय १५.७ चा सेन्सर आला की दृश्य दीडपट आवळते. कॅननच्या लहान सेन्सरवर १.६ पट. २८ ची वाइड लेन्स ४२ सारखी होते, म्हणजे वाइड उरतच नाही. ३५-७० चा झूम ५२-१०५ सारखा होतो. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला ५० ची लेन्स ७५ सारखी मिळाल्याचा आनंद होईल, इमारती आणि निसर्गदृश्ये काढणाऱ्याची पंचाईत होईल. अशाने एक तर १८ पासून सुरू होणारा झूम घ्यावा किंवा सरळ फुल फ्रेमकडे जावे; २००५ चा कॅनन ५डी किंवा २००८ चा निकॉन डी७०० अजूनही उत्तम काम देतात. हात स्थिर धरण्याचा जुना नियमही त्याच पटीत बदलतो. ५० च्या लेन्सला फिल्मवर १/५० किंवा १/६० पुरायचा, लहान सेन्सरवर १/८० हवा. तरीही फोटो हलला असे वाटले तर आपण पाहतो कसे तेही तपासावे. २४ मेगापिक्सेलचे चित्र शंभर टक्के मोठे करून साध्या मॉनिटरवर पाहणे म्हणजे पाच फुटांहून रुंद प्रिंटला नाक लावणे. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटवर जी लेन्स धारदार वाटायची ती इथे मवाळ दिसणारच.

हाताने फोकस करणाऱ्यांना व्ह्यूफाइंडर छळतो. फोकस जुळला की चित्राचे दोन तुकडे सांधून दाखवणारा स्प्लिट प्रिझम नसतो, आणि व्ह्यूफाइंडरमधली काच झूम लेन्ससाठी उजळ केलेली असल्यामुळे एफ/१.८ ची लेन्सही व्ह्यूफाइंडरमध्ये जास्त खोल फोकसची दिसते. डोळ्याला बरोबर वाटते आणि फोटोत पापणीऐवजी कान स्पष्ट येतो. लेन्स एफ/५.६ किंवा त्याहून उजळ असेल तर व्ह्यूफाइंडरच्या कडेचा फोकसचा ठिपका बहुतेक बॉडींवर हातानेही चालतो. ट्रायपॉड असेल तर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे चालू दृश्य) दहापट मोठा करून फोकस करावा, याला तोड नाही.

फ्लॅशबद्दल लेखात काहीच नव्हते, आणि बॉडी जळते ती इथेच. जुन्या फ्लॅशच्या पायाशी ट्रिगरसाठी दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. यांत्रिक शटरच्या कॅमेऱ्याला त्याचे काही वाटत नसे. डिजिटल बॉडीची सहनशक्ती काही मॉडेलांत २५० व्होल्ट सांगितलेली असते, काहींत अवघी ६. लावण्याआधी मोजावे : फ्लॅशमध्ये नवे सेल घालून तो चालू करायचा, तयार असल्याचा दिवा लागू द्यायचा, मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या वरच्या पट्टीवर ठेवून लाल टोक पायाच्या मधल्या टाचणीला आणि काळे टोक बाजूच्या धातूच्या पट्टीला लावायचे. आकडा बॉडीच्या माहितीपुस्तकाशी ताडून पाहायचा. ६ च्या आत असेल तर निर्धास्त.

दाब सुरक्षित असला तरी जुने टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप ठरवणे) चालणार नाही. फिल्मच्या काळात एक्स्पोजर चालू असतानाच फिल्मवरून परतणारा फ्लॅशचा उजेड मोजला जाई आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडला जाई. सेन्सरवरची काच फिल्मसारखा उजेड परतवत नाही, म्हणून आता आधी एक बारीक चमक सोडून मोजमाप होते. कॅननने १९९५ पासून ई-टीटीएल आणले, निकॉनने २००३ पासून आय-टीटीएल. कॅननचे ईझेड मालिकेतले फ्लॅश त्यामुळे डिजिटलवर आपोआप काही ठरवू शकत नाहीत, हाताने ताकद ठरवता येत असेल तरच उपयोगी. निकॉनचा एसबी-२८ सारखा फ्लॅश मात्र स्वतःच्या डोळ्याने मोजणाऱ्या ‘ए’ मोडमध्ये झकास चालतो. आयएसओ आणि अॅपर्चर कॅमेऱ्यावर आणि फ्लॅशवर सारखे लावायचे, बस.

फिल्टरांच्या डबीतले निम्मे आता निवृत्त करावेत. पिवळ्या दिव्यांसाठीचा निळा ८०ए दोन स्टॉप उजेड खायचा. ते काम व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवण्याची सोय) फुकट करतो. कृष्णधवलसाठीचे पिवळे, नारिंगी, लाल फिल्टरही लावू नयेत. सेन्सरवर दर चार पिक्सेलांत लाल एकच असतो. समोर लाल काच लावली की उरलेले तीन जवळजवळ उपाशी राहतात आणि चित्र खरबरीत होते. रंगीत काढून नंतर लाल रंगाच्या आधारे कृष्णधवल करावे, आकाश तितकेच काळे होते. पोलरायझर (परावर्तित चमक आवरणारा) आणि एनडी (रंग न बदलता उजेड कमी करणारा) मात्र जपून ठेवावेत, त्यांची जागा सॉफ्टवेअर घेत नाही. पोलरायझर सर्क्युलर आहे याची खात्री करावी, कारण डीएसएलआरचा अर्धपारदर्शक आरसा साध्या लिनियर पोलरायझरमुळे फोकस आणि मीटर दोन्हींना चकवतो. परीक्षा सोपी आहे. फिल्टर डोळ्यासमोर धरून त्यातून आरशात त्याच फिल्टरचे प्रतिबिंब पाहावे, मग फिल्टर उलटा करून पुन्हा पाहावे. पेचाची बाजू आरशाकडे असताना प्रतिबिंबातली काच काळी झाली तर सर्क्युलर. दोन्हीकडून सारखीच दिसली तर लिनियर.

धूळ ही नवी कटकट आहे. फिल्मवर दर फोटोला नवी चौकट येई, सेन्सर तोच राहतो आणि आज बसलेला कण उद्याच्या प्रत्येक फोटोत दिसतो. लेन्स बदलताना कॅमेरा बंद, तोंड खाली आणि दुसरी लेन्स हाताशी उघडून तयार. महिन्यातून एकदा एफ/१६ किंवा एफ/२२ वर, फोकस बिघडवून, कोऱ्या आकाशाचा फोटो काढून पाहावा. डाग चित्रात वर दिसला तर समोरून पाहताना कण सेन्सरच्या खालच्या बाजूला असतो. डावे-उजवे मात्र तेच राहते. बॅटरी पूर्ण भरून मेनूतल्या सफाईच्या पर्यायानेच आरसा वर करावा. बल्ब मोडवर बोट दाबून धरण्याचा उद्योग करू नये, बोट सुटले की शटर स्वॅबवर (सफाईच्या मऊ पट्टीवर) आदळते. रबरी फुग्याने हवा मारावी. डब्यातली दाबाची हवा नको, तिच्यातला द्रव काचेवर गोठून बसतो. तेवढ्याने डाग न गेल्यास सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब, त्यावर सफाईद्रवाचे दोन थेंब, एकदा इकडून तिकडे, स्वॅबची दुसरी बाजू वापरून एकदा परत, आणि तो स्वॅब फेकून द्यायचा. आपण पुसतो ती सेन्सरवरची फिल्टरची काच असते, पण ओरखडा पडला तर दुखणे तेवढेच मोठे.

वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा पडले ते पाहावे. निकॉनच्या जेपेगमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, कॅननच्या फाइलमध्ये बहुधा नसतो. लहान बॉडींचे शटर साधारण एक लाखासाठी आणि डी७००० सारख्यांचे दीड लाखासाठी तपासलेले असते. हा आकडा म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. बाहेरून चकचकीत आणि आतून लाखाच्या वर गेलेली बॉडी मात्र सोडून द्यावी.

शेवटी लेखात सर्वस्वी राहून गेलेला उपयोग : हाच डीएसएलआर तुमच्या जुन्या निगेटिव्हचा उत्तम स्कॅनर होतो. ३५ मिलिमीटरची चौकट ४,००० डीपीआयने स्कॅन केली तर सुमारे २१ मेगापिक्सेल होतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलची बॉडी पुरेशी आहे. फुल फ्रेमला १:१ ची (वस्तू सेन्सरवर तिच्याच आकाराची उमटवणारी) मॅक्रो लेन्स लागते, लहान सेन्सरला साधारण १:१.५ पुरते. १:२ पर्यंतच जाणारी जुनी मॅक्रो लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स बॉडीपासून लांब नेणारी पोकळ नळी) जोडावी. खाली रंग खरे दाखवणारे एलईडी पॅनल, त्यापासून काही सेंटिमीटर वर होल्डरमध्ये फिल्म, म्हणजे पॅनलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. फिल्म आणि सेन्सर समांतर आहेत की नाही हे पाहण्यासाठी फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि लेन्सचे प्रतिबिंब व्ह्यूफाइंडरच्या नेमके मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवावा. आयएसओ १००, एफ/८, रॉ, खोलीतले बाकीचे दिवे बंद. आरसा उचलण्याच्या धक्क्याने १/४ ते १/३० या वेगांत चित्र हलते, म्हणून लाइव्ह व्ह्यूवर दोन सेकंदांचा टायमर लावावा. रंगीत निगेटिव्हला दोन चौकटींमधल्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स घेऊन मगच सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह (उजळ-गडदची रेघ) उलटा करावा, नाहीतर निळसर झाक जाता जात नाही. लाल आलेख सर्वांत आधी उजव्या भिंतीला टेकतो, त्यावर नजर ठेवावी. फिल्मची कमी चकाकणारी, इमल्शनची (चित्राच्या लेपाची) बाजू लेन्सकडे ठेवली तर चमक कमी येते. मग चित्र डावे-उजवे उलटवायचे विसरू नये, विशेषतः फोटोत कुठे पाटी नसेल तेव्हा.

आपला,
एक वाचक